घोड्याला घाई नाही

‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ हा व्हिडिओ गेम घ्यावा का, असे गावातली मुले आणि अमरावतीला इंजिनिअरिंग शिकणारा पुतण्या मला अधूनमधून विचारतात, तेव्हा त्यांना चित्रांची किंवा गोष्टीची शंका नसते. त्या दोन्ही बाजू उत्तम आहेत, हे त्यांनी यूट्यूबवर आधीच पाहून ठेवलेले असते. हा गेम फार सुस्त आहे म्हणतात, मग एवढा वेळ त्यात का घालवायचा, एवढीच त्यांची अडचण असते. ती रास्तही आहे, कारण नुसती मुख्य गोष्ट संपवायची म्हटली तरी सुमारे 50 तास लागतात, आणि वाटेत शिकार करणाऱ्या, मासे धरणाऱ्या, उगाच एखाद्या टेकडीवर चढून पाहणाऱ्या माणसाचे तास त्याच्या दुप्पट सहज होतात. माझे उत्तर ‘घ्यावा’ असेच आहे. मात्र त्यातला संथपणा कोणत्या जातीचा आहे, हे ध्यानात न घेता सुरुवात केली, तर चार दिवसांत तो डिलीट करून डिस्क मोकळी करण्याची वेळ येते.

नावात दोनचा आकडा असला तरी गोष्ट पहिल्या भागाच्या आधीची आहे. 2010 साली आलेल्या पहिल्या भागाचा काळ 1911 चा होता आणि या भागाची सुरुवात 1899 मध्ये होते. रॉकस्टार कंपनीने तो 26 ऑक्टोबर 2018 रोजी प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्ससाठी आणला, तर कॉम्प्युटरवर तो 5 नोव्हेंबर 2019 रोजी आला. अमेरिकेतल्या डच व्हॅन डर लिंड नावाच्या गोड बोलणाऱ्या म्होरक्याची दरोडेखोर टोळी, ब्लॅकवॉटर गावातला फसलेला दरोडा, मागे लागलेले पिंकर्टन या खासगी कंपनीचे गुप्तहेर आणि या सगळ्यात टोळीचा उजवा हात असलेला आर्थर मॉर्गन, ज्याच्या रूपाने आपण खेळतो, असा हा संसार आहे. त्यातली राज्ये आणि शहरे काल्पनिक आहेत, पण सेंट डेनिस हे शहर न्यू ऑर्लिन्सवरून बेतलेले आहे, हे ट्रामकडे आणि दलदलीकडे पाहताच कळते. 1899 हे साल वाचले की मला मात्र आपल्याकडचे आठवते. त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि 1899-1900 च्या दुष्काळाने वऱ्हाड आणि मध्य प्रांत होरपळून निघाले. तिकडे डचची टोळी नव्या शतकापासून पळत होती, इकडे आपले लोक दाण्यामागे पळत होते. असो.

खेळाची सुरुवात बर्फात होते आणि इथे नमनालाच घडाभर तेल जाते. डोंगरातल्या ओसाड वस्तीत टोळी अडकलेली असते, घोडे गुडघाभर बर्फातून रेटत चालतात आणि आपल्याला सांगितले त्याच वाटेने जावे लागते. हे प्रकरण लांबले आहे, असे माझेही मत आहे. ते उरकून टोळी खाली हिरव्या कुरणांत उतरते आणि व्हॅलेंटाईन नावाचे चिखलाने भरलेले गुरांच्या बाजाराचे गाव लागते, तिथून खरा खेळ सुरू होतो. बर्फात कंटाळून उठून गेलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांनी उंबऱ्यावरूनच घराची पारख केली, एवढेच म्हणता येईल.

उंबऱ्याच्या आत तरी गती वाढते का? नाही, आणि गंमत तीच आहे. इतर कित्येक गेममध्ये मेलेल्या शत्रूवरून पळत गेले की त्याच्याजवळचे सगळे आपोआप आपल्या खिशात येते. इथे आर्थर वाकतो, त्या माणसाला उलथापालथा करतो आणि खिसे चाचपतो. कपाटाचा एकेक खण वेगळा उघडावा लागतो आणि आतला डबा हाताने उचलावा लागतो. हरीण मारले की सुरी काढून त्याचे कातडे सोलण्याचे काम डोळ्यांदेखत होते, मग ते कातडे खांद्यावर टाकून घोड्यापर्यंत न्यायचे, पाठीवर घालायचे आणि खाटकाकडे पोचवायचे. वाटेत रमतगमत गेलात, तर घोड्यावर लादलेली शिकार नासू लागते. बंदुकीला तेल लावले नाही तर तिची मार कमी होते, दाढी आपोआप वाढते, खाणे सुटले तर आर्थर वाळतो आणि अति खाल्ले तर सुटतो. लांबचे अंतर एका बटणावर काटण्याची सोय सुरुवातीला नसतेच. पुढे तळावर पैसे खर्चून आर्थरच्या बिऱ्हाडात नकाशा लावून घेतला, म्हणजे तिथून बाहेर झटपट जाता येते, पण परतीचे आपले आपण पाहायचे. नाही तर रेल्वेचे किंवा घोडागाडीचे तिकीट काढायचे.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या पुतण्याने एका बैठकीतच निकाल दिला. “काकाजी, निरा घोडाच दौडवून राह्यलो ना मी कवापासून. गोळी कवा मारा लागते याच्यात?” मग त्याने जे विचारले, ते मात्र माझ्या डोक्यात राहिले. “दिवसभर वावरात काय कमी हळू काम असते? अन् रातच्याले कॉम्प्युटरवर पुन्हा तेच कायले करा लागते?”

शहरातल्या माणसाला संथ गेम म्हणजे विरंगुळा वाटू शकतो, कारण त्याचा दिवस धावपळीत जातो. दारव्हा तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला संथपणाचे काय अप्रूप असणार? यावर मी विचार केला आणि माझ्यापुरते उत्तर सापडले, ते असे. आपल्या आयुष्यात जे हळू चालते, त्यातले बरेचसे काम नसून वाट पाहणे असते. मृगाच्या पावसाची वाट पाहायची, तो रुसला तर दुबार पेरणीसाठी पैशाची वाट पाहायची, ओलितासाठी रात्रीच्या पाळीची वीज येईपर्यंत जागायचे, जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांच्या रांगेत उभे राहायचे आणि माल विकल्यावर चुकारा खात्यात कधी पडतो ते पाहत बसायचे. या सगळ्यात माणसाच्या हातात काहीच नसते. या खेळात वाट पाहणे जवळजवळ नाही. तिथे काम सावकाश होते, पण ते आपण करतो, आपल्या हाताने करतो आणि केल्याचे दिसते. योग्य हत्याराने नीट नेम धरून जनावर मारले, तर कातड्याचा चांगला दाम मिळतो. त्या संथपणात हात रिकामा नसतो आणि दुसऱ्याच्या मर्जीवरही नसतो, म्हणून दिवसभर थकून आल्यावरही तो मला जाचत नाही.

घोड्याचे उदाहरण घ्यावे. त्याला चारा द्यावा लागतो, खरारा करून अंगावरचा चिखल काढावा लागतो, लांडग्याच्या वासाने तो बिथरला तर मानेवर थाप मारून शांत करावे लागते, आणि असे करत करत त्याचा लळा चार पायऱ्यांनी वाढत जातो. पहिल्या पायरीवरचा घोडा सापाला पाहून आपल्याला खाली पाडतो, चौथ्या पायरीवरचा लांबून मारलेली शीळ ऐकून धावत येतो. आमच्या घरी बैलजोडी होती तोवर पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे त्यांना सांगितले जाई, आणि वर्षभर त्याच खांद्यावर जू ठेवणाऱ्याला त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाहावे लागे. घोड्याला खरारा करताना मला तीच जवळीक जाणवते. हा घोडा गोळी लागून किंवा कड्यावरून पडून मेला, तर तो कायमचा मेला. मग आर्थर त्याच्यावरचे खोगीर उतरवतो, उचलून घेतो आणि दुसऱ्या घोड्याच्या शोधात पायी निघतो. पुतण्या गोळीबार शोधत होता, पण त्याचा पहिला घोडा गेला तेव्हा तोच म्हणाला, “अरे बाप्पा, दुसरा नाही का भेटत असाच?” दुसरा मिळतो, पण लळा पुन्हा पहिल्या पायरीपासून लावावा लागतो.

लांबच्या रपेटीवर सोबती असला, की दोघांच्या गप्पा चालतात. घोडा मागे पडला तर ते ओरडून बोलतात, जवळ आले की आवाज खाली येतो आणि मध्येच कुणी हल्ला केला तर तो निस्तरल्यावर सोबती तुटलेले बोलणे पुन्हा उचलतो. गोष्टीचा निम्मा गाभा या गप्पांत आहे. तळावरही तसेच: पीअर्सनचा रस्सा शिजत असतो, हॅविएर गिटार वाजवत असतो, आळशी अंकल कामाची टाळाटाळ करत असतो आणि आपण कॉफीचा कप घेऊन जाळाशेजारी उभे राहिलो, तर कुणी ना कुणी काही ना काही सांगतोच. घाई करणाऱ्याला यातले काही ऐकू येत नाही आणि मग शेवटी टोळी फुटते, तेव्हा कोण कुणाला सोडून गेले याचे त्याला काहीच वाटत नाही.

आता वसुलीचे प्रकरण. टोळीत स्ट्रॉस नावाचा एक सावकार आहे. तो अडलेल्या लोकांना व्याजाने पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला धाडतो. त्यातला एक कर्जदार, थॉमस डाउन्स, व्हॅलेंटाईनजवळ बायको-मुलासह राहणारा गरीब शेतकरी आहे, तोच गावात गरिबांसाठी पैसे गोळा करताना दिसतो आणि दारूच्या गुत्त्याबाहेर आर्थर एकाला बडवत असताना मध्ये पडून विनवणीही करतो. त्याच्या घरी जाऊन, कुंपणाशी धरून त्याला मारणे हे आपल्याला बटण दाबून करावे लागते. तो खोकत असतो. यवतमाळ जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला सावकाराच्या वसुलीचे दृश्य समजावून सांगावे लागत नाही, पण ते वसूल करणाऱ्याच्या बाजूने पाहण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्यानंतर खेळ त्याचा फारसा उच्चार करत नाही. आपण शिकार करतो, रेल्वे लुटतो, दाढी करतो आणि डाउन्सला विसरून जातो. कितीतरी तासांनंतर त्या वसुलीचा हिशेब आर्थरकडे येतो. तो कसा येतो ते सांगून मी कुणाचा रस घालवणार नाही, पण मधले ते सगळे संथ तास नसते, तर तो हिशेब एवढा जड झाला नसता. पाहणाऱ्याने विसरून जावे एवढा वेळ मध्ये जाऊ देण्याचे धाडस तीन तासांच्या सिनेमाला परवडत नाही.

याचा अर्थ त्याचे सगळेच गुण गावेत असे नाही. एवढे मोकळे जग दिल्यानंतर नेमून दिलेल्या मोहिमांमध्ये मात्र खेळ शाळामास्तरासारखा छडी घेऊन उभा राहतो. दाखवलेल्या वाटेवरून थोडे बाजूला झालात, सोबत्याला मागे टाकलेत किंवा स्वतःच्या डोक्याने काही वेगळी शक्कल लढवलीत, की मोहीम फसली म्हणून पाटी येते. बाहेर सावकाशी आणि आत सक्ती, हा विरोध मला शेवटपर्यंत खटकला. बटणांचा कारभारही अजब आहे: कंट्रोलरवर खेळताना घोड्यावर चढायला दाबलेल्या बटणाने शेजारी उभ्या असलेल्या माणसाची गचांडी धरली जाते आणि भर बाजारात विनाकारण गुन्हा दाखल होतो. निम्म्या गोष्टीनंतर खिशात एवढे पैसे साठतात की त्यांचे करायचे काय हा प्रश्न पडतो, तरी डच मात्र ‘अजून थोडा पैसा’ हेच पालुपद आळवत असतो. हा संथ खेळ घडवताना झालेली घाईही विसरण्याजोगी नाही. प्रकाशनाच्या तोंडावर कंपनीचे सहसंस्थापक डॅन हाउझर यांनी आठवड्याला 100 तास काम केल्याचे सांगितले, त्यावर गदारोळ उठला आणि मग तो आकडा चार जणांच्या वरिष्ठ लेखनचमूपुरता आणि तीन आठवड्यांपुरता होता, असा खुलासा त्यांना करावा लागला.

तरी 7 कोटींहून अधिक प्रती खपलेला हा गेम निव्वळ गोळीबाराच्या जोरावर खपलेला नाही, हे उघड आहे. ज्याला रोज अर्धा तासच मिळतो आणि त्या अर्ध्या तासात काहीतरी जिंकल्याचे समाधान हवे असते, त्याने याच्या वाटेला जाऊ नये. त्याचा अर्धा तास गाव गाठण्यातच जाईल. गड्यांची कामे आटोपल्यावर, म्हणजे कापसाच्या शेवटच्या वेच्यानंतर पुढच्या मशागतीपर्यंत ज्याला रात्री मोकळ्या मिळतात, त्याने जरूर घ्यावा. कॉम्प्युटरवर त्याला 150 जीबी जागा लागते, तेव्हा गावातल्या मोबाईल नेटवर तो उतरवण्याच्या भानगडीत न पडता कॉलेजच्या गावी कुणाच्या वायफायवर उतरवून हार्डडिस्कमधून आणलेला बरा, आणि घरात इन्व्हर्टर असलेला बरा. युरोपात त्याला 18 वर्षांवरच्यांसाठीचे प्रमाणपत्र आहे, ते उगाच दिलेले नाही, म्हणून शाळकरी पोरांना मी तो दाखवत नाही.

पहिला भाग आधी खेळावा की नाही, हे पुतण्याने परवा फोनवर विचारले. 2024 पासून तोही कॉम्प्युटरवर मिळतो, पण मी त्याला हा आधी आणि तो नंतर असेच सांगितले. टोळीतला जॉन मार्स्टन इथे आर्थरच्या सावलीत वावरणारा, बायको-पोराची जबाबदारी टाळणारा तरुण आहे, आणि पहिल्या भागाचा नायक तोच आहे. त्याला इथे घडताना पाहून मग 1911 मध्ये गाठले, तर त्याच्या प्रत्येक निर्णयाला आगापिछा मिळतो. मधल्या काळासाठी या खेळात दोन भागांचा उपसंहार आहे, त्यात कुंपण घालण्यापासून घर बांधण्यापर्यंतची कामे आपल्याच हातून होतात, आणि तोही अर्थात हळूच चालतो. पुतण्या सध्या चौथ्या प्रकरणात आहे आणि सेंट डेनिसमधली ट्राम आपल्या घोड्यापेक्षा हळू का चालते, अशी त्याची नवी तक्रार आहे.