कॅमेऱ्याचे खोटे अलर्ट: सेन्सिटिव्हिटीला हात सगळ्यात शेवटी

कोथरूडमधल्या रो-हाउसला चार कॅमेरे: गेट, पार्किंग, मागची बोळ आणि गच्चीचा जिना. चारही पीओईवर (एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र) एनव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याला जोडलेले. शिवाय मागच्या दाराला बॅटरीवरचा एक वायफाय कॅमेरा. फोन रात्रभर वाजायचा आणि त्यात माणूस क्वचितच असायचा. अशा वेळी पहिल्यांदा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती बारीक हालचालीवर अलर्ट द्यायचा ते सेटिंग, खाली आणायचा मोह होतो. ती ८० वरून ४० वर आणली की अलर्ट कमी होतात खरे, पण अंधारात काळे कपडे घालून आलेला माणूसही त्याच चाळणीतून गळतो. आधी नेमकं काय हलतंय ते कळायला हवं.

म्हणून एक आठवडा सेटिंग तसंच ठेवून वहीत नोंदी केल्या. तीनच रकाने: कोणता कॅमेरा, किती वाजता, पहिल्या फ्रेममध्ये काय दिसतंय. निम्मा उलगडा वेळांवरूनच होतो. संध्याकाळी सातच्या आणि पहाटे सहाच्या सुमारास चारही कॅमेरे एकदम ओरडत होते. दिवेलागणीला कॅमेरा रंगीत चित्रावरून काळ्या-पांढऱ्यावर जातो, आतला फिल्टर टक्क करून सरकतो आणि अख्खी फ्रेम बदलते. साध्या मोशन डिटेक्शनला किती पिक्सेल बदलले एवढंच कळतं, त्यामुळे त्याच्या हिशेबी ही मोठीच हालचाल. गाडी वळताना हेडलाइट पडला की कॅमेऱ्याला उजाडल्यासारखं वाटतं आणि तोच खेळ पुन्हा होतो. मी डे-नाइट ऑटोवरून शेड्यूलवर टाकलं आणि बदलाची वेळ अलर्टच्या वेळेबाहेर ठेवली. गेटला ऑटोच हवं होतं, तिथे फिल्टर टाइम (उजेड बदलल्यावर मोड बदलण्याआधी थांबायचा वेळ) ५ सेकंदांवरून ६० केला. एखादी गाडी तेवढा वेळ उजेड टाकत नाही.

रात्रीचे उरलेले बहुतेक अलर्ट किड्यांचे आणि कोळ्यांचे निघाले. आयआर (इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा उजेड) देणारे एलईडी लेन्सच्या भोवतीच असतात आणि उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जातो. काचेपासून १० सेंटिमीटरवर असलेल्या चिलटावर ५ मीटरवरच्या माणसापेक्षा २५०० पट उजेड पडतो, म्हणून ते पांढऱ्याशुभ्र पट्ट्यासारखं दिसतं. पावसाचा थेंब आणि वाऱ्याने हलणारा कोळ्याचा एक धागा, दोन्हींची तीच गत. ८५० नॅनोमीटरचा आयआर बहुतेक किड्यांना दिसत नाही. ते येतात पोर्चच्या दिव्याकडे. माझा पार्किंगचा कॅमेरा त्या दिव्याखाली दीड फुटावर होता. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळवीचा थवा उठला की त्या फ्रेममध्ये दुसरं काही दिसतच नसे. दिवा समोरच्या खांबावर नेला. मग कॅमेऱ्याचा आयआर बंद करून १२ व्होल्टचा वेगळा आयआर दिवा कॅमेऱ्यापासून सव्वा मीटर बाजूला लावला. किडे आता त्या दिव्यासमोर चमकतात, लेन्ससमोर नाही. या दिव्याला पीओई चालत नाही, वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो. तो पावसापासून झाकलेल्या डब्यात ठेवा.

जाळी दर पंधरा दिवसांनी लांब काठीला मऊ कुंचा बांधून काढायची. कीटकनाशक थेट काचेवर फवारू नका, घुमटासारख्या डोम कॅमेऱ्याचं प्लॅस्टिक धुरकट होऊ शकतं. डोम मुळातच पावसाळ्यात त्रासाचा. आतली फोमची रिंग सैल झाली की आयआर परतून लेन्समध्ये शिरतो आणि चित्र दुधाळ होतं. उघड्यावर नळीसारखा बुलेट कॅमेरा बरा, तोही छज्ज्याखाली.

पुढचं काम डिटेक्शनचा भाग आखण्याचं. फ्रेमभर चौकोन ठेवला की रस्ता, बोगनवेल, दोरीवरचे कपडे सगळंच त्यात येतं. गेटला क्षेत्र न आखता लाइन क्रॉसिंग लावलं, म्हणजे चित्रावर आखलेली रेघ ओलांडली तरच अलर्ट; दिशा फक्त आत येणारी. रेघ गेटच्या पल्ल्याच्या रुंदीहून फूटभर आत हवी, नाहीतर वाऱ्याने उघडणारा पल्लाच ती ओलांडतो. शिवाय रेघेच्या दोन्ही बाजूंना माणूस पूर्ण दिसायला हवा; फ्रेमच्या कडेला ओढलेली रेघ कामाची नाही.

मांजराने मात्र दमवलं. किमान आकार ठरवताना घरातल्या एकाला सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात उभं केलं आणि त्याच्या उंचीच्या निम्मा चौकोन आखला. जमिनीवरची मांजरं गेली, पण कंपाउंडच्या भिंतीवरून चालणारी येतच राहिली. भिंत कॅमेऱ्याजवळ आहे, त्यामुळे तिथलं मांजर लांबच्या माणसापेक्षा मोठं दिसतं. तिथे आकाराचा उपाय चालत नाही. भिंतीचा वरचा पट्टाच क्षेत्रातून वगळला. भिंतीवरून उडी मारणारा खाली उतरताना पकडला जातोच.

मग ह्यूमन डिटेक्शन, म्हणजे माणूस ओळखला तरच अलर्ट देणारं सेटिंग, चालू केलं. ते नीट चालायला कॅमेरा अडीच ते तीन मीटर उंचीवर आणि थोडाच खाली झुकलेला हवा. फार वरून सरळ खाली पाहिलं तर डोकं आणि खांदेच दिसतात आणि त्याला माणूस ओळखू येत नाही. पुण्यात याला छत्रीची भर. छत्री घेऊन, रेनकोटमध्ये, हेल्मेट घालून आणि वाकून, असं चार वेळा रात्री चालून पाहिलं. छत्रीखाली माझ्या कॅमेऱ्याने दगा दिला. म्हणून जून ते सप्टेंबर गेटच्या रेघेवरचा ह्यूमन फिल्टर काढून ठेवतो. चार अलर्ट जास्त आले तरी परवडतात.

मागच्या दाराचा वायफाय कॅमेरा पीआयआर सेन्सरवर चालतो, म्हणजे तो उष्णतेतला फरक पाहतो. त्याच्यासमोर एसीचं आउटडोअर युनिट आणि पश्चिमेच्या उन्हात तापणारा पत्रा होता, म्हणून दुपारी तो उगाच वाजायचा. तोंड फिरवलं आणि थांबलं. उलट एप्रिलमध्ये बाहेर ३८-४० अंश झालं की माणूस आणि मागची भिंत यांत फरकच उरत नाही, तेव्हा तो माणूस चुकवतो. सरळ अंगावर येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं त्याला चांगलं कळतं. त्या हिशेबाने जागा निवडा.

रेकॉर्डिंग आणि अलर्ट वेगळे ठेवले. रेकॉर्डिंग चोवीस तास: २ एमबीपीएसने एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी खातो, चार मिळून ८६. २ टीबीच्या डिस्कवर साधारण २३ दिवस. गेटचा अलर्ट फक्त रात्री ११ ते पहाटे ५, कारण त्यानंतर दूधवाला, पेपरवाला, मग कचरा न्यायला ‘स्वच्छ’च्या ताई. दोन अलर्टमध्ये ६० सेकंदांचं अंतर.

एवढं झाल्यावर सेन्सिटिव्हिटी ८० वरून ७० वर आणली, तीही फक्त मागच्या बोळीची. दिवाळीत आकाशकंदील मात्र गेटच्या कॅमेऱ्यासमोर येऊ देऊ नका. टांगायच्या आधी फोनवर फ्रेम बघून जागा ठरवा, नाहीतर चार दिवस तो भाग मास्क करावा, म्हणजे डिटेक्शनमधून वगळावा लागतो.