गीझर साफ केला, तरी मीटर चढलाच

डिसेंबरातला कॉल, पुण्यातला जुना फ्लॅट. आदल्या सकाळी घरातली मुलगी अंघोळ करताना कोसळली होती. दार तोडून बाहेर काढलं, दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाचली. पंधरा दिवस अंघोळीनंतर तिचं डोकं दुखायचं, तर पित्त म्हणून गोळ्या चालू होत्या. ऑक्सिमीटरने ९८ दाखवलं आणि घरचे आणखी गाफील राहिले. ते यंत्र इथे हमखास फसतं, कारण कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे गॅस अर्धवट जळला की होणारा विषारी वायू, चिकटलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. खरं कळतं रक्ताच्या तपासणीत.

बाथरूम ४ बाय ६, उंची ८ फूट. ६ लिटरचा गॅस गीझर शॉवरशेजारीच. थंडी म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांवर थर्माकोल, झुरळं नकोत म्हणून दाराखाली रबरी पट्टी. “दादा, एक्झॉस्ट आहे की, रोज लावतो,” काकू म्हणाल्या. पंखा लावला, दार ओढलं आणि बाहेरून फटीपाशी उदबत्ती धरली. धूर सरळ वर. आत यायला हवेला वाटच नसेल तर पंखा नुसता फिरतो.

मग कार्बन मोनॉक्साइड मोजायचा मीटर छातीच्या उंचीला टांगला, नळ सोडला आणि दार लावून झरोक्याच्या काचेतून आकडे बघत बसलो. चौथ्या मिनिटाला ३० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३०), सातव्याला १८०, नवव्याला ४००. तिथेच गॅस बंद केला.

कव्हर काढलं तर तांब्याच्या पट्ट्यांमध्ये काजळी इतकी, की पलीकडचा उजेड दिसेना. जळालेला वायू वर निघत नाही, तो ज्योतीलाच गुदमरवतो आणि ज्योत पिवळी पडते. बर्नरच्या हवेच्या नळीत कोळ्याचं जाळंही होतं. पट्ट्या साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुतल्या, जेट, म्हणजे गॅस सुटायची बारीक छिद्रं, साफ केले, वाळवून जोडलं. ज्योत निळी झाली. बहुतेक मेकॅनिक इथे बिल करतात.

मी पुन्हा दार लावून तोच प्रयोग केला. आठ मिनिटं मीटर जेमतेम ५. बाराव्याला ६०, पंधराव्याला २००. हिशेब सोपा आहे. असा गीझर मिनिटाला साधारण १३ ग्रॅम गॅस जाळतो आणि एक किलो गॅसला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. हे बाथरूम साडेपाच घनमीटरचं. म्हणजे पंधरा मिनिटांत जवळजवळ निम्म्या खोलीइतकी हवा जळते. ऑक्सिजन घटला की नवाकोरा बर्नरही कार्बन मोनॉक्साइड सोडतो. ऑक्सिजन उतरला की गॅस तोडणारा सेन्सर या मॉडेलला नव्हता. असता तरी त्याच्या भरवशावर गीझर आत ठेवला नसता. एकामागून एक अंघोळी होतात तेव्हा तिसरा माणूस आदल्या दोघांचा वायू घेतो.

काकूंनी स्वयंपाकघरातला अलार्म दाखवला, “हा वाजलाच नाही.” तो एलपीजी गळतीचा, म्हणून जमिनीलगत लावलेला. कार्बन मोनॉक्साइड हवेइतकाच हलका, वासही नाही. त्याचा अलार्म वेगळा मिळतो. तो वाफेत नको, पॅसेजमध्ये लावा, आणि मागे छापलेली मुदत संपली की बदला.

गीझर काढून ड्राय बाल्कनीत लावला, बाथरूमच्या खिडकीपासून लांब. बाल्कनी उघडी हवी. काचा लावून बंद केलेली बाल्कनी म्हणजे दुसरं बाथरूमच. गॅसची जुनी रबरी नळी भिंतीतून ओवलेली होती, ती फेकली. थर्माकोलही उतरवलं.

काकूंची एकच तक्रार राहिली: आता आधी गार पाणी येतं. अर्ध्या इंची पाइप ४ मीटर, त्यात पाणी मावतं जेमतेम अर्धा लिटर. ते बादलीत सोडा म्हटलं, कपडे भिजवायला होईल.