कानातला टॅग

दूध संकलन केंद्रावर सात वर्षं दुधाचं फॅट मोजल्यावर मी जनावरांच्या विम्याचं काम धरलं. दहावीचं प्रमाणपत्र, 15 तासांचं प्रशिक्षण आणि एक परीक्षा, एवढ्यावर विमा विकता येतो. संगमनेरात मोटारसायकलचा विमा काढून देणारे गल्लोगल्ली आहेत, गाईला कुणी हात लावत नाही. मला वाटलं, ही जागा मोकळी आहे.

मोकळी का होती, ते लवकरच कळलं. धडधाकट गाईचा विमा काढा म्हटलं की लोक म्हणतात, "तिला काय धाड भरलीय?" तीच गाय चारा सोडून उभी राहिली की, "भाऊ, आजच काढू." पहिल्या 15 दिवसांतल्या आजाराची भरपाई मिळत नाही असं सांगितलं की मीच चोर.

आबा तसले नव्हते. तिसऱ्या वेताची एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन गाय, दोन वेळचं 22 लिटर दूध, किंमत 70,000 धरली, हप्ता 2,800. त्यातले माझ्या हाती साडेतीनशेसुद्धा नाहीत. पण फोटो मी मन लावून काढतो. एक समोरून, दोन बाजूंनी, कपाळावरचा चांद, शेपटीचा गोंडा, आणि कानातल्या ओळखीच्या टॅगचा जवळून, बारा आकडे वाचता येतील असा. टॅग कानाच्या मधोमध, दोन शिरांच्या मध्ये बसायला हवा. कडेला बसला की गव्हाणीत अडकून कान फाटतो. या गाईचा कुणीतरी आधीच मारलेला होता, कडेला. मला ते दिसलं होतं. आकडे स्पष्ट आले, म्हणून मी पुढे गेलो.

ऑगस्टात पहाटे साडेपाचला फोन आला. रात्री दावं तुटलं, गाय ओल्या लसूणघासात शिरली, सकाळी आडवी. डाव्या कुशीचा नगारा झाला होता. मी आधी कान बघितला, आबांकडे नंतर. कान फाटलेला, टॅग नाही.

"चार दिवस झाले," मावशी म्हणाल्या. "माशा बसायच्या म्हणून हळद लावली." टॅग पडला तर लगेच कळवायचं, हे मी विमा काढताना सांगितलं होतं. किती जोर देऊन, ते आता आठवत नाही.

मग सगळं घर शोधाला लागलं. गव्हाण झाली, घासाचं वावर झालं, शेवटी उकिरडा. दहाच्या सुमाराला आजींनी शेणातून टॅग काढला, बादलीत धुतला आणि माझ्या हातावर ठेवला. बारा आकडे जसेच्या तसे. थोरला मुलगा हळूच म्हणाला, "दुसऱ्या कानाला भोक पाडून बसवू?"

मी म्हणालो, मेलेल्या कानाला पाडलेल्या भोकाला रक्त येत नाही, डॉक्टर ओळखतात. खरं उत्तर दिलं, पण ते बरोबर नाही असं मी म्हणालो नाही, हे घरी येताना लक्षात आलं.

डॉक्टरांनी शवविच्छेदनाच्या अहवालात होतं तसं लिहिलं: पोटफुगी, कान फाटलेला, टॅग वेगळा सापडला. मी चांद, गोंडा, सगळे फोटो जोडले. तीन आठवड्यांनी पत्र आलं, दावा नामंजूर. ऑफिसातल्या साहेबांनी फोनवर ऐकवलं, "टॅग नाही तर दावा नाही, तुम्हाला माहीत नव्हतं?" माहीत होतं. या गाईचा टॅग त्या गाईला लावून पैसे उचलणारे मीही पाहिलेत, नियम उगाच झालेला नाही. पण साहेबांनी फोटो उघडून तरी पाहिले का, याची मला शंका आहे.

आबा पत्र ऐकून एवढंच म्हणाले, "आमचंच चुकलं, कळवायला पाहिजे होतं." तिथेच मी सांगायला हवं होतं की टॅग कडेला होता आणि मला दिसला होता. मी चहा प्यालो आणि निघालो.

त्यांच्या कालवडीचा विमा पुढच्या महिन्यात संपतोय. परवा जाऊन तिचा कान बघून आलो. टॅग मधोमध आहे.