इंजिनाचा पिवळा दिवा

आज सकाळी पुण्याहून साताऱ्याला आईकडे जाताना खंबाटकी घाटाच्या चढणीवर गाडीला धक्के बसू लागले आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. हा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश चालवत गॅरेज गाठता येते. पण तो लुकलुकत असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसते आणि ते न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील, धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो महागडा भाग तापवून निकामी करू शकते. म्हणून मी गाडी कडेला घेतली आणि टोइंगची गाडी बोलावली.

साताऱ्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये अकरा वाजता जॉबकार्ड झाले. स्कॅनरवर पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरचा दोष, असे दिसले. मेकॅनिकने इग्निशन कॉइल, म्हणजे पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग, काढून माझ्या हातावर ठेवली. तिच्या रबरी नळीवर केसासारखी बारीक चीर होती आणि चिरेच्या कडेने काळपट रेघ उमटली होती. त्या माणसाने जीव ओतून काम केले, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

राग आला तो पुढच्या प्रतीक्षेचा. कॉइल शिल्लक नाही हे दुपारीच माहीत असताना मला ते साडेचार वाजता, तेही मी तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगण्यात आले. एक फोन केला असता, तर आईसोबत जेवायला तरी बसता आले असते. कॉइल गुरुवारी येणार आहे. गाडी तिथेच ठेवून मी रिक्षाने घरी आलो, तेव्हा आईने ताट झाकून ठेवले होते.