थांबू की अजून एकदा टाकू?

आमच्याकडे सध्या रात्रीची जेवणं उरकली की कोणीतरी कान्ट स्टॉपचा डबा काढतंच. सिड सॅक्सन यांचा गेम, १९८० साली आलेला, आणि नियम इतके सोपे की आईने एका डावात पकडले. चार फासे टाकायचे, त्यांच्या दोन जोड्या लावायच्या आणि जी बेरीज येईल त्या कॉलममधे सोंगटी वर चढवायची. २ ते १२ असे कॉलम, ७ चा सगळ्यात उंच, १३ घरांचा, २ आणि १२ चे तीनतीनच घरांचे, आणि आधी तीन कॉलम पूर्ण करेल तो जिंकला.

खरी मजा पुढे आहे. एका पाळीत तीनच कॉलम धरता येतात, तिन्ही धरल्यावर फासे टाकले आणि कुठेच सरकता आलं नाही तर त्या पाळीत चढलेलं सगळं गेलं, आणि थांबलात तर मिळवलेलं पक्कं. म्हणून दर वेळी तोच प्रश्न, थांबू की अजून एकदा टाकू?

६, ७, ८ हातात असले की सरकता येण्याचा चान्स ९२ टक्के, ऐकायला केवढा भारी वाटतो ना, पण सलग आठ वेळा टाकलं की निभावून जायचा चान्स निम्म्यावरच येतो, आणि हे दादाला कितीही सांगा तो नवव्यांदा टाकणारच. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मैत्रिणीने दाखवली, चार फाशांतून निदान एक सम बेरीज कायम निघतेच, कसेही पडू देत! विषम तशी नाही, चारही फासे सम किंवा चारही विषम पडले की एकही विषम बेरीज मिळत नाही. तेव्हापासून मी ६-८ बरोबर शक्यतो ४ किंवा १० धरते, ५ किंवा ९ नाही. खूप फरक पडलाय.

आई मात्र असलं काही मोजत नाही, तीन वेळा टाकते आणि थांबते. काल भाचीचे दोन कॉलम झालेले, ७ मधे दोनच घरं बाकी, म्हणजे पुढच्या पाळीला ती जिंकणार हे सगळ्यांना दिसत होतं. आईची पाळी, तिचेही दोन कॉलम झालेले, १२ मधे शेवटचं घर उरलेलं, तीनदा टाकून झालं होतं, आम्ही सगळे थांब थांब म्हणतोय आणि तिने पहिल्यांदाच चौथ्यांदा फासे उचलले. दोन सहा पडले. भाची उठून तिच्या गळ्यातच पडली.