दुर्गापूरच्या ओबी ढिगाऱ्यांवर काय वाढावे

चंद्रपूर शहराच्या उत्तरेला दुर्गापूर आणि पद्मापूरच्या खुल्या कोळसा खाणी आहेत आणि तेथून थोड्याच अंतरावर ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे बफर क्षेत्र सुरू होते. कोळशाच्या थरावरील वालुकाश्म, शेल आणि माती, ज्यांना खाणीत काम करणारे एकत्रितपणे ‘ओबी’ म्हणतात, ती येथे वर्षानुवर्षे डोंगरासारखी रचली गेली. त्या ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ माजली आणि तिच्या आडोशाने बिबटे व वाघ थेट वसाहतींच्या कुंपणापर्यंत आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला आणि पाठोपाठ दुर्गापुरात एक मुलगा बिबट्याच्या हल्ल्यात गेला. तेव्हापासून येथे खाणीभोवतीच्या वन्यजीवांचा विषय निघाला की पहिली मागणी झुडपे तोडण्याचीच असते.

ही भीती खरी आहे. रात्रपाळी संपवून अंधारातून घरी जाणाऱ्या माणसाला अधिवासाचे महत्त्व पटवून देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु सर्व ढिगारे बोडके करणे हा त्यावरचा उपाय नाही, कारण ताडोबात स्वतःचे क्षेत्र न मिळालेले तरुण वाघ याच भागातील तुटक वनपट्ट्यांच्या आधाराने बाहेर पडतात आणि हे पट्टे नाहीसे झाले तरी त्यांचे बाहेर पडणे थांबत नाही. ते शेतांतून आणि रस्त्यांवरून जाऊ लागतात. म्हणून माझे म्हणणे असे आहे की कोणत्या ढिगाऱ्यावर काय वाढू द्यायचे, हे त्या जागेवरून ठरले पाहिजे. वस्तीकडील उतारांवर दाट झुडूप असताच कामा नये. तेथे वेडी बाभूळ मुळासकट काढून मारवेल, पवन्या यांसारखी स्थानिक गवते लावावीत, म्हणजे माती धरली जाईल आणि नजर दूरवर पोहोचेल. जंगलाकडील बाजूला मात्र ऐन, धावडा, तेंदू, मोह, बांबू आणि नाल्याकाठी अर्जुन असे मिश्र वन उभे राहावे. वेडी बाभूळ तोडून तशीच सोडली, तर ती बुंध्यापासून पूर्वीपेक्षा दाट फुटते, हे आपल्याकडील कोणताही शेतकरी सांगेल.

गवताची बाजू कायद्यानेही उचलून धरलेली आहे. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवून चारा, वनस्पती व प्राणी यांना योग्य अशी स्थिती आणण्याची अट खाणपट्ट्याच्या करारात घालावी. त्याआधी, २००९ पासून, कोळसा खाणींना बंद करण्याची योजना तयार करून त्यासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, दरवर्षी रक्कम भरावी लागते. याचा अर्थ तरतूद आहे. प्रत्यक्षात मात्र यश मोजले जाते ते लावलेल्या रोपांच्या संख्येवर, आणि संख्या भरून काढण्यासाठी लवकर वाढणारी, गुरे न खाणारी झाडे निवडली जातात. अशा एकसुरी लागवडीखाली चितळाला चरण्यासारखे फारसे काही उगवत नाही, आणि जेथे चितळ नाही तेथे बिबट्याची नजर वस्तीतील कुत्र्यांकडे व डुकरांकडे वळते.

या सगळ्याच्या मुळाशी वरच्या मातीचा प्रश्न आहे. खोदकामापूर्वी काढलेल्या पहिल्या थरात गवताचे बी, गांडुळे, बुरशी आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू असतात. ही माती वेगळी, कमी उंचीच्या ढिगात ठेवून लवकरात लवकर नव्या उतारावर पसरली, तरच तिच्यातील जीव टिकतो. उंच ढिगात वर्षानुवर्षे दाबून ठेवल्यास आतील हवा संपते आणि ती ओबीइतकीच निर्जीव होते. जेथे ही माती कधीच ओबीखाली गाडली गेली, तेथे दुसरा मार्ग उरतो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने खाणींच्या ढिगाऱ्यांवर सेंद्रिय गाळ, रायझोबियम व अ‍ॅझोटोबॅक्टर यांसारखे जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी वापरून झाडे जगवून दाखवली आहेत. हे काम खर्चिक व संथ आहे, पण शेल आणि वालुकाश्माच्या चुऱ्यावर नुसते खड्डे खणून रोपे लावण्यापेक्षा कितीतरी अधिक प्रामाणिक आहे.

अर्थात काही जागा न खोदणे हेच त्यांचे संरक्षण असते. ताडोबाला लागून असलेल्या लोहारा येथील प्रस्तावित खाण चंद्रपूरकरांच्या विरोधानंतर थांबली आणि तेथील जंगल पुन्हा उभारण्याची वेळच आली नाही.

शेवटी पाण्याविषयी. खाणीच्या सोडलेल्या खड्ड्यांत पाणी साचते, पण त्यांचे काठ बहुधा इतके उभे असतात की प्राणी खाली उतरला तर वर येऊ शकत नाही. निदान जंगलाकडील एक काठ सौम्य उताराचा करणे, तेथे उथळ पाणथळ पट्टा तयार करणे आणि त्या बाजूचे दिवे व रात्रीची कोळसा वाहतूक दूर नेणे, ही कामे अवजड यंत्रे खाणीवर असतानाच स्वस्तात होतात. यंत्रे हलल्यावर ती कोणीही करत नाही. त्यामुळे खाण सुरू असतानाच ग्रामपंचायत आणि वनविभाग यांना बंद करण्याच्या योजनेचा नकाशा दाखवून कोणता काठ उतरता होणार आहे, हे त्यावर नोंदवून घेतले पाहिजे.