तुम्ही विचारलंत म्हणून: माझा हिरो पोलीस का नाही

माझी कादंबरी वाचून झाली की जवळजवळ प्रत्येकीचा एकच प्रश्न असतो, ताई, नायिकेच्या संरक्षणाला दिलेला तो कॉन्स्टेबल एवढा छान लिहिलाय, मग ती त्याच्या प्रेमात का पडत नाही, हुपरीचा चांदीवाला कशाला मधी आणलात? परवा इथं कोल्हापुरात महाद्वार रोडवर एका काकूंनी थांबवून हेच विचारलं, म्हणून आता नीटच सांगते.

वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नायिका गुजरीत एका सराफाकडं हिशेब लिहिते, रात्री घरी निघताना तिच्यासमोर खून होतो, मारणाऱ्याला ती चेहऱ्यानं ओळखते, आणि केस कसबा बावड्याच्या कोर्टात उभी राहीपर्यंत तिला गप्प करायला माणसं मागं लागतात.

तर कॉन्स्टेबल का नाही? उलटतपासणीमुळं. ती त्याच्या प्रेमात पडली की आरोपीचा वकील पहिल्यांदा तेच काढणार, "तुमच्या संरक्षणाला असलेल्या पोलिसाशी तुमचे काय संबंध आहेत?" झालं! ती खरं बोलत असली तरी पोलिसांनी पढवलेली साक्षीदार म्हणून तिच्याकडं बघणार, खून राहिला बाजूला. मी तसं लिहून बघितलंवतं, तीन प्रकरणं झाली आणि फाडून टाकली, एवढं सोसलेल्या पोरीची साक्ष मीच कच्ची करायलेय असं वाटलं.

आणि संरक्षण मिळालं म्हणजे जन्मभराचा पहारा मिळाला असं नसतं हो. साक्षीदार संरक्षण योजना सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केली, त्यात अर्ज करायचा, पोलीस धोका किती आहे त्याचा अहवाल देतात, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते, आणि आदेश एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचा. खटला मात्र तारखांवर चालतो. तीन महिने संपत आलेत आणि पुढची तारीख लांबची पडलीय, माझ्या कादंबरीतला सगळा सस्पेन्स त्या कॅलेंडरात आहे.

आता चांदीवाला. तो पैंजणांना घुंगरू जोडतो, तिच्यावर जीव आहे त्याचा, आणि तोच तिला म्हणतो, "राहू दे की साक्ष. आठवत नाही म्हण, कोण काय करतंय?" धमकीचा फोन आला की ती घाबरते पण चिडतेसुद्धा, ह्याच्यावर चिडता येत नाही कारण तो रडकुंडीला येऊन सांगतोय. मला खरी भीती इथं दिसते.

कारण मी ती बघितलीय. माझ्या आत्यानं लग्नानंतर थोड्याच वर्षांत गल्लीतली एक मारामारी सज्जातून बघितलीवती, एका पोराचा डोळा गेला त्यात. पोलिसांना तिनं सगळं सांगितलं. पण पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, कोर्टात जे बोलाल ते धरायचं, आणि कोर्टाच्या तारखेपर्यंत आजोबा, काका, मामंजी सगळे तिला मायेनंच समजवायला लागले, पोरं लहान हायत तुझी, कशाला नादाला लागतीस. कोर्टात ती म्हणाली, अंधार होता, दिसलं नाही. अशा साक्षीदाराला फितूर म्हणतात, मला तो शब्द तिच्यासाठी वापरवत नाही. त्या दिवशी घरी येऊन ती तांदूळ निवडत बसली, निवडून झालेलं ताट परत परत निवडत होती, दिवेलागणीपर्यंत. मी शेजारी बसलेवते, आठ वर्षांची. सज्जाचं दार त्यानंतर वर्षानुवर्षं बंदच असायचं.

म्हणून माझ्या नायिकेचा हिरो तिला कुणापासून सोडवत नाही. ती त्याला सांगते, "मी साक्ष देतो. तू येणार असलास तर ये." (आमच्याकडं बायका 'देतो'च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी प्रुफातली चूक समजू नये.) तो येतो. आत काय चाललंय कळत नाही, रुमालात गुंडाळलेली पैंजणं खिशात तशीच, बाहेरच्या बाकावर बसून राहतो, चहालासुद्धा उठत नाही, ती दारातून बाहेर आली आणि आपण नसलो तर म्हणून.

आत्यानं कादंबरी दोन दिवसांत वाचली. कॉन्स्टेबलचं तिनं विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, "तो दिवसभर बसलावता बाहेर?"

हो म्हटलं, कोर्ट उठेपर्यंत.